नसलेल्या पायाची वेदना

रायपुरात भाताच्या गिरणीवर पाय गमावलेला एखादा कामगार "तळव्याची आग होते" म्हणतो, तेव्हा घरच्यांना तो भ्रम वाटतो. अमेरिकन डॉक्टर वीअर मिचेल यांनी 1871 मध्ये या अनुभवाला 'भासमान अवयव' म्हटले. वेदना मात्र खरी असते. छाटलेल्या मज्जातंतूंचे संदेश मेंदू त्या पायाचेच मानतो.

यावर कधी ॲमिट्रिप्टिलिन हे खिन्नतेवरील औषध अल्प मात्रेत देतात. त्याने रोगी वेडा ठरत नाही. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरून वेदनेला आवर घालणाऱ्या सिरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन या द्रव्यांचा प्रभाव त्यामुळे वाढतो. गुण सर्वांना येत नाही; प्रयोगांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. तोंड कोरडे पडते, गुंगी येते. तरी लोकलज्जेस्तव गोळी नाकारू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी, आणि त्यांच्याच सल्ल्याने थांबवावी.