थेंब, माती आणि वैरण

मोठा पाऊस पडून गेला, की एखाद्या पांढऱ्या भिंतीकडे नीट पाहा. जमिनीपासून वीत-दोन वीत उंचीपर्यंत तिच्यावर मातीचे शिंतोडे दिसतील. ही माती कोणी उडवली? पावसाच्या थेंबांनी! मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो. त्याच्या माऱ्याने ढेकळे फुटतात. सुटे झालेले बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात. मग पाणी आत मुरण्याऐवजी वरून वाहू लागते आणि माती बरोबर घेऊन जाते.

आता थोडा हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एवढ्या शेतावरून केवळ १ मिलिमीटर जाडीचा थर निघून गेला, तर सुमारे १३ टन माती गेली! पिकाला लागणारे कुजलेले सेंद्रिय द्रव्य असते ते मुख्यतः याच वरच्या थरात. उलट, त्याच शेतात १ मिलिमीटर पाऊस मुरला, तर १०,००० लिटर पाणी जमिनीत साठते.

सोलापूरसारख्या कोरडवाहू भागात रब्बी ज्वारी मुख्यतः अशा साठलेल्या ओलीवरच वाढते. ओल कमी पडली, की कणीस लहान आणि कडबाही तोकडा. म्हणजे माणसांची भाकरी आणि बैलांची वैरण, दोन्ही एकदमच घटतात.

यावर उपाय काय? पहिला उपाय म्हणजे नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करणे. त्यामुळे प्रत्येक तास पाण्याला अडवणारा चिमुकला बांधच होतो. दुसरा उपाय मिश्र पिकांचा. बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरतात. बाजरी लवकर वाढून जमीन झाकते. तुरीची मुळे खोल जातात, आणि बाजरी निघाल्यावरही तूर शेतात उभी असते.

पण येथे एक पेच आहे. पिकाची ताटे शेतातच पसरली, तर थेंबांचा मारा ती झेलतील. मग गुरांनी काय खावे? म्हणून चारा दुसरीकडे, बांधावर आणि माळावर वाढवावा लागतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० नंतरच्या दशकात चराईबंदी केली. गुरे माळावर मोकळी सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून आणायचे, असा नियम केला. मोकळी गुरे कोवळे कोंब खुडतात आणि खुरांनी जमीन दाबतात. कापलेल्या गवताची मुळे मात्र माती धरून राहतात व पुन्हा फुटतात. शिवाय गुरे गोठ्यात राहिल्याने शेण वाया जात नाही. ते खत होऊन पुन्हा शेतात जाते.

हे तुम्हीही पडताळून पाहा. दोन पसरट डब्यांची एकेक बाजू थोडी कापा. दोन्हींत सारखीच माती भरा. एका डब्यातील मातीवर वाळलेले गवत पसरा. कापलेली बाजू खाली येईल असे दोन्ही डबे तिरपे ठेवा. झारीने सारखेच पाणी घाला आणि वाहून आलेले पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत धरा. रात्रभर ठेवल्यावर तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजा. कोणत्या बाटलीत गाळ अधिक आहे? आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी पावसात कोणत्या बाटलीसारखे दिसते, तेही या पावसाळ्यात जाऊन पाहा.