वेळापत्रक आणि तक्ता

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके. पैकी शहापूरची ओळख मुंबईकरांस मुख्यत्वे पाण्यावरून असते. तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. पुढे भातसा धरणही याच तालुक्यात उभे राहिले. तथापि दोन्ही तालुक्यांतील डोंगराळ पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही तितकेच खरे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी नळ पोहोचविण्यास २०२४ ची मुदत घातली होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. अशा वेळी पाड्यावरील मनुष्याचा प्रश्न एकच असतो: पाणी कधी येणार? मोठ्या योजनांच्या बाबतीत याचे उत्तर हल्ली संगणकातील वेळापत्रकात तयार होते आणि एक्सेलच्या तक्त्यातून लोकांपुढे येते. या वाटेत ते उत्तर कसे बदलू शकते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

वेळापत्रक म्हणजे तारखांची नुसती यादी नव्हे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत जी पद्धत आकारास आली, तिचे मर्म कामांच्या परस्परसंबंधांत आहे. चर खणल्यावाचून जलवाहिनी टाकता येत नाही. विहीर, पंपघर व जलकुंभ सिद्ध झाल्यावाचून चाचणी होत नाही. प्रायमाव्हेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट यांसारख्या साधनांत ही साखळी भरलेली असते. एक कडी सरकली की मागच्या सर्व कड्या आपोआप सरकतात. शिवाय काम कोणत्या दिवशी चालते व कोणत्या दिवशी बंद असते, त्याचे पंचांगही तेथेच नोंदविता येते.

तक्त्याची प्रकृती निराळी. १९७९ साली व्हिजिकॅल्कने रूढ केलेला हा प्रकार बेरीज-वजाबाकीस फार सोयीचा. तो कोणासही उघडता येतो, छापता येतो. म्हणूनच अहवालासाठी वेळापत्रक त्यात उतरवून घेतात. परंतु उतरतात त्या केवळ तारखा. संबंधांचा रकाना आला तरी तो अक्षरांचाच असतो, आणि पंचांग तर मागेच राहते.

याचा परिणाम एका कल्पित उदाहरणावरून ध्यानी येईल. समजा, जलवाहिनीच्या चराचे काम ४५ दिवसांचे असून ते १ एप्रिलला सुरू होऊन १५ मे रोजी संपावयाचे आहे. जून ते सप्टेंबर हे पावसाचे चार महिने खोदाई बंद. आता वनखात्याची परवानगी एक महिना लांबली आणि काम १ मे रोजी सुरू झाले. तक्त्यात सुरुवातीच्या तारखेवरून ४५ दिवस मोजणाऱ्यास १४ जून ही तारीख मिळते. वेळापत्रकाचा हिशेब मात्र वेगळा: मे महिन्यात ३१ दिवसांचे काम होते, उरलेले १४ दिवस ऑक्टोबरात जातात, आणि शेवट १४ ऑक्टोबरला होतो. महिन्याच्या विलंबाने पाच महिने खाल्ले. तक्त्याला त्यांपैकी चार महिने दिसलेच नाहीत. म्हणून तारीख बदलावयाची ती मूळ वेळापत्रकात, आणि तक्ता नव्याने उतरवून घ्यावयाचा, हा पहिला नियम होय.

उतरवितानाही काही दक्षता घ्याव्या लागतात. मुदतीच्या आकड्यापुढे ‘दिवस’ हा शब्द चिकटून आला, तर एक्सेल त्यास संख्या न मानता अक्षरे मानतो व बेरीज चुकते. प्रायमाव्हेरात प्रत्यक्ष घडलेल्या तारखेपुढे ‘ए’ हे इंग्रजी अक्षर येते. त्याचीही तीच गत. मुख्य कामाची ओळ आणि तिच्या पोटातील कामांच्या ओळी एकाखाली एक आल्या की तोच खर्च दोनदा मोजला जातो. यास्तव कामाची पातळी सांगणारा रकाना अवश्य घ्यावा. तारखेचा क्रमही पाहावा. शहापुरातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ०५/०६/२०२५ असे लिहिले, तर अमेरिकन क्रमाने वाचणारा संगणक त्याचा अर्थ ६ मे असा लावील. खोदाईच्या कामात या दोन तारखांच्या मध्ये पावसाळा उभा असतो.

राहता राहिला टक्क्यांचा प्रश्न. जलवाहिनी नव्वद टक्के झाली म्हणजे पाणी नव्वद टक्के आले असे नाही. पंपाची वीजजोडणी राहिली असेल, तर नळ कोरडाच. याकरिता ग्रामसभेपुढे ठेवावयाच्या तक्त्यात पाच गोष्टी असाव्यात: माहिती कोणत्या दिवसाची, आरंभी ठरलेली तारीख कोणती, आजच्या हिशेबाने ती कोणती, काम कोणत्या कामावाचून अडले आहे, आणि ते अडलेले काम कोणाकडे आहे. प्रायमाव्हेरातून कामांच्या संबंधांचे वेगळे पान एक्सेलमध्ये काढता येते. चौथा रकाना भरण्यास ते उपयोगी पडते.

एवढे पाच रकाने भरलेले असले, म्हणजे पाणीपुरवठा समितीतील सामान्य सभासदासही तारीख का हलली हे विचारता येते, आणि पुढच्या उन्हाळ्यात टँकरची तजवीज करावयाची की नाही, हे पाड्याला वेळेवर ठरविता येते.