ताप खरा की तापमापी खोटा?

बालरोगतज्ज्ञाने मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, हा अधिकारातिक्रम वाटेल. परंतु ज्या घटकाविषयी लिहीत आहे, तो नवजात कक्षात आपल्या रोजच्या वापरातला आहे. वॉर्मरखालील बाळाच्या त्वचेवर आपण जो प्रोब चिकटवतो, त्यात बहुधा थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो आणि त्यावरून यंत्र अंश ठरवते. इंजिनातील कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर याच जातीचा.

जुन्या हुबळीतील माझ्या एका बालरुग्णाचे वडील पिकअप चालवतात. अंकोल्याहून बर्फातली मासळी घेऊन येताना अरबैल घाटात तापमानाचा काटा तांबड्या रेषेपर्यंत जाई, पंखा अखंड फिरे आणि इंजिनाची ताकद एकाएकी कमी होई. थर्मोस्टॅट बदलून झाला, रेडिएटर साफ झाला. आता इंजिनाचे हेड उघडण्याचे घाटत होते. या खर्चापायी मुलाची फेरतपासणी दोनदा टळली. मूल अपस्माराचे, त्यामुळे मी जरा रागानेच जाब विचारला, तेव्हा ही हकीकत कळली.

“कूलंट कमी होते का? उकळून बाहेर येते का?”

“नाही डॉक्टरसाहेब, एक थेंबही नाही.”

रुग्ण खेळतो आहे आणि तापमापी १०५ दाखवते आहे, असाच हा प्रकार! स्कॅनरवर दोष-संकेत नव्हता, म्हणून सेन्सरवर कोणी संशय घेतला नव्हता. गफलत होते ती येथेच. तार तुटली, तर इंजिनाच्या संगणकाला उणे ४० अंशांच्या आसपासचे अशक्य तापमान दिसते व तो तक्रार करतो. शक्य कोटीतील असत्य मात्र त्याला सहसा पकडता येत नाही.

ते पकडण्याची उत्तम वेळ पहाटेची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट आणि आत येणारी हवा यांचे तापमान जवळजवळ सारखे हवे. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन सुरू न करता, केवळ चावी फिरवून स्कॅनर लावला. हवा २४ अंश, कूलंट ६०!

तरीही लगेच सेन्सर बदलणे योग्य नव्हे, कारण दोष तारेतही असू शकतो. जोडणीत गंज चढला तर रोध वाढून इंजिन थंड भासते. ओल शिरली तर उलट घडते. मेकॅनिकने सेन्सरचा प्लग काढला, आकडा उणे ४० वर गेला. प्लगमधील दोन टोके तारेने जोडताच तो वरच्या टोकाला पोहोचला. म्हणजे तारा व संगणक निर्दोष. (ही जोडणी फक्त दोन तारांच्या अशा सेन्सरलाच करावी, इतरत्र नुकसान होईल.) शेवटी मीटर सेन्सरवरच लावला. या प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम व ८० अंशांना सुमारे ३०० असतो. येथे थंड इंजिनावर तो जेमतेम ६०० होता.

माझ्याजवळचा कपाळावर रोखायचा तापमापी मी उत्साहाने नेला होता. तो ४३ अंशांपलीकडे मोजत नाही, हे तेथे आठवले. मेकॅनिक सौजन्याने हसला. त्याच्याकडील कारखानी उपकरणाने नवा सेन्सर बसवल्यावर तापलेल्या इंजिनाचे तापमान पडताळले, ते स्कॅनरशी जुळले.

हेड उघडावे लागले नाही. पुढच्या सोमवारी मूल तपासणीस आले. मधल्या काळात त्याचे वजन वाढले होते, म्हणून औषधाची मात्रा वाढवावी लागली.