कानबाईच्या रोटांना विजेची गाडी

सुरतेतील खानदेशी घराला दोन पत्ते असतात. एक रेशनकार्डावरचा : लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा यांपैकी कुठला तरी. दुसरा मनातला. तो कुणाचा तापीकाठचा, कुणाचा पांझरेच्या खोऱ्यातला. तापी व्हॅली रेल्वेने सुरत आणि खानदेश शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच जोडले. पुढे मागांनी आणि कापडगिरण्यांनी आमच्या वाडवडिलांना इथे आणले, आणि आम्ही इथलेच झालो. तथापि आखाजी आली, श्रावणात कानबाई बसायची वेळ झाली, की दुसरा पत्ता साद घालू लागतो. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे गुजरातेत व अर्धे महाराष्ट्रात आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. आमची मनेही काहीशी तशीच बांधलेली आहेत.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की आमच्या घरी जुनी पेट्रोलची गाडी काढून विजेवर चालणारी लहान गाडी घेण्याचा विषय निघाला, तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा निघाला नाही. सासूबाई पडवीत वाटाणे सोलत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, ‘‘गाडी वाटमा थांबनी ते काय करसूत?’’

सासूबाईंचे वय ब्याऐंशी. गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नाही आणि रेल्वेतील गर्दी सोसवत नाही. गेली तेरा वर्षे त्या गावी जातात त्या घरच्या गाडीनेच. साक्रीजवळचे आमचे गाव सुरतेहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. नवी गाडी तेवढे अंतर पुरवणार नसेल, तर शहरात पैसे वाचतील आणि सासूबाईंचे गाव तुटेल. त्यांच्या त्या एका वाक्यात एवढे सगळे होते.

शहरापुरते पाहिले तर निर्णय अवघड नव्हता. मी शाळेत शिकवते, यजमान पांडेसऱ्यातील एका गिरणीत हिशेब पाहतात, आणि मुलाला शिकवणीहून आणायचे असते. दिवसाचे अंतर फार तर पस्तीस किलोमीटर, तेही सारे उड्डाणपुलाखालच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. पेट्रोलची गाडी अशा ठिकाणी उभ्या उभ्या पैसे खाते. विजेची गाडी सिग्नलला उभी असताना, थंड हवेचे यंत्र सोडले, तर जवळजवळ काहीच खात नाही. यजमानांनी वहीत आकडे मांडले. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर पेट्रोलला साडेसहा हजारांच्या आसपास लागत. विजेला सुमारे एकशे चाळीस युनिटे, म्हणजे अकराशे-बाराशे रुपये. सीएनजीवाले पेट्रोलवाल्यांहून बरेच स्वस्तात फिरतात हे खरे, परंतु त्या पंपावरील रांगेत गेलेला वेळ कुणी वहीत मांडत नाही. अर्थात विजेची गाडी विकत घेतानाच महाग पडते, आणि तो जास्तीचा पैसा भरून यायला आम्हाला पाच-सहा वर्षे लागतील, हेही त्याच वहीत लिहिले आहे. बॅटरीची हमी आठ वर्षांची आहे. तेवढे झाले म्हणजे पाहू.

लहान गाडीची कल्पना आपल्याकडे नवी नाही. बंगळूरच्या चेतन मैनी यांची दोन दारांची ‘रेवा’ 2001 मध्ये बाजारात आली, तेव्हा लोक तिला खेळणे म्हणून हसले. तीच पुढे लंडनच्या रस्त्यांवर ‘जी-विझ’ या नावाने धावली. आता तर लहान गाड्या आपल्या गुजरातेतच बनतात. साणंदच्या ‘टियागो’ची विजेवरील आवृत्ती 2022 मध्ये आली, हालोलची तीन मीटरांहूनही आखूड ‘कॉमेट’ 2023 मध्ये. आमची कोणती ते लिहीत नाही, कारण हा लेख जाहिरातीसाठी नव्हे.

या बाबतीत मला जपानी कुटुंबांचे फार कौतुक वाटते. त्या देशात ‘केई’ नावाचा गाड्यांचा एक वर्गच कायद्याने ठरवलेला आहे : लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर, इंजिन 660 सी.सी., याहून मोठी नको. तेथे गाडी घेण्यापूर्वी ती ठेवायला जागा आहे असा पोलिसांचा दाखला लागतो. केई गाडीला अनेक गावांतून त्यातही सूट मिळते. (सुरतेत असा दाखला मागितला तर निम्म्या गाड्या विकल्याच जाणार नाहीत, असे यजमान म्हणतात.) मुलांना शाळेत सोडणे, भाजी आणणे, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेणे ही कामे तेथील खेड्यापाड्यांतून याच डबीसारख्या गाड्यांवर चालतात. 2022 मध्ये निस्सानने ‘साकुरा’ ही विजेवरची केई गाडी काढली. बॅटरी अवघी वीस युनिटांची, एका दमात जायचे अंतर कागदोपत्री 180 किलोमीटर. तरी त्या वर्षीचा तेथील सर्वोत्तम गाडीचा मान तिलाच मिळाला. कारण विचाराल तर तेथील खेड्यांत पेट्रोलपंप बंद पडत चालले आहेत. 1994 च्या सुमारास साठ हजार होते, आता त्यांच्या निम्मेही उरले नाहीत. पंप दहा मैलांवर आणि विजेचे बटण अंगणात, मग गृहिणी काय पसंत करील?

त्याहून मौजेची गोष्ट जुनी आहे. महायुद्धानंतर जपानात पेट्रोल मिळेना, तेव्हा 1947 मध्ये ‘तामा’ नावाची विजेची गाडी निघाली होती. ताशी वेग 35 किलोमीटर, एका भरणीत अंतर 65. बॅटरीच्या पेट्या गाडीच्या पोटाशी दोन्ही बाजूंना चाकांवर बसवलेल्या. संपल्या की सरकवून काढायच्या आणि भरलेल्या सरकवून घालायच्या, जसे आपण घरचे गॅसचे सिलिंडर बदलतो. ती गाडी टॅक्सी म्हणूनही चालली. पुढे पेट्रोल मिळू लागले आणि ती मागे पडली. म्हणजे या प्रकारात अगदी नवे असे फारसे काही नाही.

आमची अडचण मात्र जपानात सापडणारी नव्हती. ती होती आमच्याच इमारतीत. गाडी घेतली, पण तिला वीज द्यायची कुठून? वाहनतळात मीटरपासून आमच्या जागेपर्यंत वायर ओढायची परवानगी मागितली, तेव्हा सभेत बराच वेळ कुणी बोलेना. शेवटी एका आजोबांनी हळू आवाजात तक्षशिलाचे नाव काढले.

बाहेरगावच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. 24 मे 2019 रोजी सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावरील शिकवणीची मुले आत अडकली. बावीस जीव गेले. त्या दिवसापासून सुरतेत विजेच्या ठिणगीचे नाव निघाले की आईबापांच्या पोटात गोळा येतो. दुसऱ्या एकाला 2006 चा ऑगस्ट आठवला. उकईतून सोडलेले पाणी शहरभर शिरले तेव्हा आमच्या इमारतीचा सगळा तळमजला पाण्याखाली होता. पाण्यात वीज उतरली तर? मला आधी राग आला होता, तो तिथल्या तिथे विरला. ही माणसे अडवणूक करीत नव्हती, घाबरलेली होती. आणि त्यांच्या भीतीला तारखा होत्या.

केंद्र सरकारच्या 2022 मधील मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या जोडणीवरून गाडी भारित करता येते, असा कागद यजमान घेऊनच गेले होते. त्यांनी तो खिशातून काढला नाही, हे मला आवडले. त्याऐवजी पुढील सभेला आम्ही परवानाधारक वायरमनलाच बोलावले. गाडीसाठी वेगळी जाड वायर, ती लोखंडी नळीतून, गळती होताच वीज तोडणारे उपकरण, नीट अर्थिंग, आणि बटण पुराच्या खुणेच्या वर. ती खूण अजून खांबावर आहे. तेथपर्यंत हात पोचत नाही, म्हणून आम्ही एक लाकडी स्टूल करून घेतले. शिवाय आग विझवण्याचे नळकांडे आमच्या खर्चाने. या सगळ्यात दोन महिने गेले. तोवर रोज संध्याकाळी यजमान सार्वजनिक केंद्रावर तासभर वर्तमानपत्र वाचत बसत. त्यांचे सामान्यज्ञान त्या काळात पुष्कळ वाढले.

मग 2024 चा श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिला निरोप देतात. रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे. जो येत नाही त्याची जागा पंगतीत डोळ्यांना टोचते. शुक्रवारी रात्री गाडी पूर्ण भरली. पडद्यावर दोनशे वीस किलोमीटर असा आकडा दिसत होता. कंपनीचा आकडा याहून बराच मोठा असतो, पण तो प्रयोगशाळेतला. त्यात पाच माणसे, रोटांसाठी नेलेला गहू आणि खानदेशातील चढण धरलेली नसते.

बारडोली, व्यारा मागे पडले. सोनगडच्या अलीकडेपलीकडे आकाशात तारांचे जाळे दिसू लागते. काकरापारची अणुवीज, उकईच्या धरणाची वीज, तेथलीच कोळशाची वीज. काकरापारला 700 मेगावॉटचे दोन नवे संच 2023 आणि 2024 मध्ये कामाला लागले. आमची गाडी जे खाते ते याच रानात शिजते, हे मुलाला दाखवले. धूर येथे नाही म्हणजे कुठेच नाही असे नव्हे, हेही सांगितले. उकईच्या चिमण्या समोरच होत्या.

नवापुराशी एका हॉटेलच्या आवारात गाडी जोडली आणि उतरलो. मला वाटले होते सासूबाई कंटाळतील. पूर्वी आम्ही त्यांना कुठे थांबूच देत नव्हतो. ‘‘आता घरीच उतरू’’ हे यजमानांचे ठरलेले वाक्य. यंदा तास मिळाला. त्या चहा प्याल्या, पाय मोकळे करून आल्या, आणि शेजारच्या बाकावरील बाईंशी बोलता बोलता त्यांचे माहेर आपल्याच माहेराच्या शेजारचे निघाल्याचे त्यांनी शोधून काढले. पुढे कोंडाईबारीचा घाट. चढणीवर टक्के भराभर उतरू लागले. मुलगा आकडे मोठ्याने वाचू लागला, तेव्हा त्याला गप्प बसवावे लागले. घरी पोचलो तेव्हा चव्वेचाळीस उरले होते.

खरी परीक्षा अंगणात होती. धाकट्या दिरांनी ओसरीवरील बटण दाखवले, आम्ही वायर लावली, आणि गाडीच्या तोंडाशी लाल दिवा लागला. वीज घेईना. घर साठ वर्षांचे. अर्थिंग असे कधी केलेच नव्हते. तीन भोकांपैकी वरचे भोक केवळ शोभेचे. पंखा आणि दिवा यांना त्याचे काही वाटत नाही, पण ही गाडी जमिनीशी नाते असल्याशिवाय वीज घ्यायला तयार नसते, आणि ते योग्यच आहे.

सासूबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

दिरांनी गावातील वायरमनला बोलावले. त्याने चिंचेखाली ओलसर जागा पाहून खड्डा खणायला सांगितला. एरवी तिघे चुलतभाऊ एकमेकांशी जेमतेम बोलतात. बांधाचे भांडण जुने आहे. पण कानबाईच्या आदल्या दिवशी पाहुण्याची गाडी अडली म्हटल्यावर एकाने टिकाव आणला, दुसऱ्याने घमेले. तिसऱ्याकडे बोअरचा उरलेला लोखंडी पाइप होता. जाऊबाईंनी चुलीतला कोळसा दिला, दुकानातून जाड मिठाची गोणी आली. कोळसा, मीठ, माती असे थर देत पाइप पुरला, वर दोन हंडे पाणी ओतले, तांब्याची तार ओसरीपर्यंत आणली. अंधार पडता पडता पुन्हा वायर लावली. दिवा हिरवा झाला. मुलांनी असा काही गलका केला, की शेजारच्या आळीत कानबाई एक दिवस आधीच आली की काय असे वाटावे.

रात्री दोनदा वीज गेली आणि दोनदा आली. सकाळी बहात्तर टक्के, रविवारच्या रात्रीनंतर शंभर. सोमवारी दुपारी निरोप देऊन निघालो. येताना कोंडाईबारी उताराची. पायाखालचा दाब सोडला की चाकेच उलट वीज करून बॅटरीत घालतात. घाटाच्या पायथ्याशी दोन टक्के वाढलेले पाहून यजमान असे खुलले, की जणू पगारवाढ झाली. नवापुरास थांबायची गरज नव्हती. सासूबाईंनी चहासाठी थांबवलेच.

मागल्या आठवड्यात त्यांच्या नंदुरबारच्या नणंदेचा फोन आला, दिवाळीनंतर चार दिवस राहायला या म्हणून. सासूबाईंनी प्रकृतीची चौकशी केली, पीकपाणी विचारले, आणि मग फोन कानाशी घट्ट धरून म्हणाल्या, ‘‘येते मी. पण आधी सांगा, तुमच्याकडे अर्थिंग आहे का?’’