जुन्या सायकलीच्या पोलादाची पारख

सोन्याचा कस दगडावर लागतो, धान्याचा दाणा तळहातावर घेऊन पाहता येतो. परंतु रंगाखाली झाकलेल्या पोलादाची पारख कशी करावी? जुन्या इंग्लिश व इटालियन सायकली जमविणाऱ्यांना हा प्रश्न नेहमीच पडतो. दोन फ्रेम दिसायला सारख्या असूनही त्यांच्या किमतीत मोठे अंतर असते आणि ते बहुधा नळ्यांमुळे पडलेले असते.

बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये एका विशेष नळीचे पेटंट घेतले. या नळीची जाडी टोकांना अधिक व मध्यभागी कमी असते. सांध्यावर ताण अधिक येतो, शिवाय जोडकामाची आच तेथेच लागते. म्हणून पोलाद तेथे हवे, मध्ये ते केवळ ओझे ठरते. १९३५ मध्ये रेनॉल्ड्सने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ ही प्रख्यात नळी आणली. तिच्या तोडीची इटालियन नळी मिलानच्या कोलंबस कंपनीची. आपल्या देशाशीही या घराण्याचे नाते आहे. रेनॉल्ड्स १९२८ पासून ज्या ‘ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स’ समूहात होती, त्याच समूहाने मुरुगप्पा परिवारासह १९४९ मध्ये मद्रासला सायकलींचा कारखाना उभारला.

आता परीक्षेकडे वळू. फ्रेमवरील चिठ्ठी हा पुरावा नव्हे. तशी चिठ्ठी नवी छापून मिळते. चिठ्ठी अस्सल असली तरी ती पूर्ण वाचावी. कित्येकदा केवळ तीन मुख्य नळ्याच ५३१ च्या असतात, मागच्या बारीक नळ्या व पुढचा चिमटा साध्या पोलादाचा असतो.

खरी साक्ष सीटच्या दांड्याची. तो काढून व्हर्नियरने मोजावा. सीटखालच्या नळीचा बाहेरील व्यास बहुधा २८.६ मिलिमीटर असतो. वरच्या टोकाशी तिची जाडी ०.६ मिलिमीटर असेल तर आत २७.४ ची पोकळी उरते व २७.२ चा दांडा बसतो. हे हलक्या, उत्तम नळीचे लक्षण. दांडा २५.४ च्या आसपास असेल तर नळी जाड व साधी समजावी. मात्र जुन्या फ्रेंच फ्रेममध्ये ही नळी २८ मिलिमीटरची असते, तेथे २६.४ चा दांडाही चांगल्या नळीत बसलेला असू शकतो. म्हणून बाहेरचे माप घेतल्यावाचून आतल्या मापावर निर्णय देऊ नये.

दांडा काढलाच आहे, तर नळीच्या आत बोट फिरवावे. उभी शिवण हाताला लागली तर ती पत्रा वळवून जोडलेली नळी होय. ५३१ ची नळी अखंड ओढलेली असते. मागील चाकाचा आस ज्या खाचेत बसतो तो भाग घडीव व जाड असावा. पातळ पत्र्यातून कापलेला दिसल्यास शंका घ्यावी. चिमटा उतरवता आला तर त्याच्या वरच्या नळीत डोकवावे. कोलंबसच्या एसएल व एसपी संचांत तेथे पिळाच्या पाच उंचवटेदार रेषा दिसतात.

जात उत्तम ठरली तरी प्रकृती पाहणे उरतेच. हँडलखालच्या सांध्यामागे, तिरक्या नळीच्या खालच्या बाजूवर बोट फिरवावे. तेथे फुगवटा वा सुरकुती लागली तर सायकल समोरून धडकलेली आहे. पेडलच्या आसाच्या घरात पाणी साचून गंज चढतो; पातळ नळीला तो लवकर पोखरतो. अशी फ्रेम कितीही नामांकित असो, तिच्यावर बसणाऱ्याचा जीव धोक्यात येतो.

कोणतीही एक खूण निर्णायक नाही. चार खुणा एका दिशेने बोलल्या तरच विश्वास ठेवावा. २७.२ चे माप ५३१, कोलंबस वा एखाद्या जपानी नळीचेही असू शकते. म्हणून विकणाऱ्याने ‘५३१’ असे छातीठोक सांगण्याऐवजी मापे, खुणा व दोष लिहून द्यावेत. त्या दिवशी भाव कदाचित थोडा कमी येईल. पण तो ग्राहक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढेल.