चुकीचा माग आणि त्याची चाळणी

संगणकास कामाला लावणारे प्रोग्रॅम मनुष्यच लिहितो. तेव्हां त्यांत चूक राहणें हें स्वाभाविकच आहे. चूक झाली एवढ्यानें लज्जित होण्याचें कारण नाहीं. परंतु ती कोठें झाली हें वेळेवर न कळणें मात्र घातक होय. म्हणून चांगले प्रोग्रॅम लिहिणारे लोक मूळ प्रोग्रॅमाबरोबरच त्याची परीक्षा घेणारे लहान लहान प्रोग्रॅमही लिहून ठेवितात. अशा परीक्षा एकामागून एक घेऊन त्यांचा निकाल सांगणारीं साधनें तयार मिळतात. गीडो व्हान रोसम यांनीं १९९१ सालीं प्रथम लोकांपुढें ठेविलेल्या पायथन भाषेसाठीं 'पायटेस्ट' नांवाचें असें एक साधन फार वापरांत आहे. तें चुकीचा वृत्तांत कसा सांगतें, त्यांतील कोणता भाग झांकतें, आणि तें झांकणें आपल्या गरजेप्रमाणें कसें बदलतां येतें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस समजावून देण्याचा आम्हीं येथें यत्न केला आहे.

प्रोग्रॅमाचें काम अनेक लहान भागांत वांटलेलें असतें. अशा प्रत्येक भागास फंक्शन म्हणतात. कचेरींत साहेबानें कारकुनास व कारकुनानें शिपायास काम सांगावें, त्याप्रमाणें एक फंक्शन दुसऱ्यास बोलावतें, दुसरें तिसऱ्यास बोलावतें. शेवटीं कोठें घोटाळा झाला म्हणजे संगणक तेथेंच थांबतो, आणि कोणीं कोणास कोणत्या ओळींतून बोलावलें याची यादी छापतो. या यादीस 'ट्रेसबॅक', म्हणजे चुकीचा माग, असें म्हणतात. पायथनमध्यें सर्वांत आधींचें बोलावणें वर व सर्वांत अलीकडचें खालीं छापलें जातें, आणि अगदीं तळाशीं चुकीचें नांव व कारण असतें. म्हणून अनुभवी माणूस हा माग खालून वर वाचतो.

आतां अडचण अशी कीं, आपल्या परीक्षेपर्यंत पोहोंचण्यापूर्वीं पायटेस्ट स्वतःच्या आंतल्या अनेक फंक्शनांतून फिरून येतें. हा सर्व माग जसाच्या तसा छापला, तर आपण न लिहिलेल्या व कधीं न पाहिलेल्या फायलींचीं नांवें ओळीनें समोर उभीं राहतात, आणि नवशिका गांगरून जातो. यासाठीं पायटेस्ट स्वतःच्या ओळी आपण होऊनच गाळून टाकतें. ही झाली पहिली चाळणी.

उरलेला माग किती विस्तारानें छापावा, हें 'टीबी' नांवाच्या पर्यायानें ठरवितां येतें. 'लाँग' म्हटलें म्हणजे प्रत्येक नोंद विस्तारानें येते. 'शॉर्ट' म्हटलें म्हणजे थोडक्यांत. 'लाइन' म्हटलें म्हणजे प्रत्येक चुकीस एकच ओळ मिळते. आणि 'नो' म्हटलें म्हणजे माग मुळींच छापला जात नाहीं. कांहींच न सांगितल्यास 'ऑटो' ही पद्धत लागू होते. तींत पहिली व शेवटची नोंद विस्तारानें आणि मधल्या नोंदी थोडक्यांत येतात.

दुसरी चाळणी आपण स्वतः बसवूं शकतों. समजा, शाळेच्या गुणपत्रकाचा एक प्रोग्रॅम आहे. गुण ० ते १०० यांच्या दरम्यानच आहेत ना, हें पाहणारें एक साहाय्यक फंक्शन आपण लिहिलें, आणि २० परीक्षा त्याचा उपयोग करीत आहेत. एका परीक्षेंत गुण १०४ आले. साहाय्यकानें आपलें कर्तव्य केलें व परीक्षा नापास ठरविली. परंतु माग तळाशीं त्याच साहाय्यकाची ओळ दाखवितो. वाचणारा तेथें शोध करूं लागतो, आणि तेथें तर कांहींच चुकलेलें नाहीं! त्यास हवें असतें तें निराळेंच: २० परीक्षांपैकीं कोणत्या परीक्षेंतील कोणत्या ओळीनें १०४ हा आंकडा पाठविला? यासाठीं साहाय्यक फंक्शनाच्या आरंभीं 'ट्रेसबॅकहाइड' हें चल, मागें व पुढें दोन दोन अंडरस्कोर जोडून लिहावें, आणि त्याची किंमत 'ट्रू' ठेवावी. मग तें फंक्शन मागांतून वगळलें जातें, आणि बोट नेमकें परीक्षेच्या ओळीवर येतें.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. पुढच्या खेपेस ७२ हे गुण संख्या म्हणून न येतां अवतरणचिन्हांतील मजकूर म्हणून आले, असें समजूं. मजकूर संख्येहून लहान कीं मोठा, हें संगणकास ठरवितां येत नाहीं. म्हणून तो 'टाइपएरर' नांवाची चूक नोंदवितो. ही तुलना साहाय्यक फंक्शनांत आहे, आणि तेंच आपण झांकून ठेविलें आहे. वाचणाऱ्यास परीक्षेची ओळ दिसते, तिच्याखालीं तुलनेविषयीं तक्रार दिसते, आणि त्या ओळींत तर तुलनाच नाहीं! जी चाळणी मघाशीं मदत करीत होती, तीच आतां वाट चुकविते.

यावर उपाय असा. त्या चलास 'ट्रू' ही किंमत न देतां एक लहानसें फंक्शन द्यावें. पायटेस्ट झालेल्या चुकीची माहिती त्याच्या हातीं देतें, आणि झांकावें कीं नाहीं हें त्यास विचारतें. आपल्या साहाय्यकानें जाणूनबुजून नोंदवावयाच्या चुकीसाठीं एक स्वतंत्र प्रकार करावा. त्यास आपण 'गुणमर्यादा' म्हणूं. चूक या प्रकारची असेल तर साहाय्यक झांकावा, अन्य कोणतीही असेल तर उघडा ठेवावा, एवढाच निर्णय त्या लहान फंक्शनानें द्यावा. म्हणजे १०४ आले तर बोट परीक्षेवर येतें, आणि मजकूर आला तर बिघडलेली तुलना उघड दिसते.

शिवाय, जें झांकलें तें नष्ट झालेलें नसतें. 'फुल-ट्रेस' हा पर्याय दिला कीं, पायटेस्ट झांकलेल्या सर्व ओळी पुन्हां दाखवितें. रुबी भाषेसाठीं असलेल्या 'आरस्पेक' या साधनाची एक रीतही लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तेथें कोणत्या फायली गाळाव्या याच्या नमुन्यांची एक यादी असते, व कोणत्या राखाव्या याची दुसरी. गाळतां गाळतां एकही ओळ शिल्लक उरली नाहीं, तर आरस्पेक कोरा कागद दाखवीत नाहीं. संपूर्ण माग छापतें, आणि तसें कां केलें हेंही सांगतें.

गृहिणी पीठ चाळते ती खाणाऱ्याच्या सोयीसाठीं, आणि निघालेला कोंडाही ती टाकून देत नाहीं. चुकीच्या मागाची चाळणीही अशीच असावी. ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठीं असावी, लिहिणाऱ्याची अब्रू राखण्यासाठीं नव्हे. आपल्या चाळणीमागें काय राहिलें, हें ज्यास केव्हांही उघडून दाखवितां येतें, त्याच्याच निकालावर दुसऱ्यांनीं विश्वास ठेवावा. पालकांस आमची एवढीच विनंति कीं, लांबच लांब माग पाहून मूल हताश झालें, तर त्यास आधीं तळची ओळ शांतपणें वाचावयास सांगावें. त्या ओळीपासून एकेक पायरी वर चढत गेल्यास चुकीचें मूळ बहुधा सांपडतें.