फळ्यावरच्या खुणा आणि व्यसनमुक्ती

सार्वजनिक आरोग्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मानसिक आरोग्य आणि व्यसनाधीनता हे विषय शिकवले जातात, तेव्हा त्यांचा केंद्रबिंदू एकटा रुग्ण नसून संपूर्ण लोकसमूह असतो; कोणत्या वयात आणि कोणत्या परिस्थितीत आजार बळावतो याचा शोध घेणारे रोगपरिस्थितिविज्ञान हे म्हणूनच या अभ्यासाचा कणा ठरते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या विषयाला स्वतंत्र विभाग आहे.

बाल्टिमोरमध्ये 1980च्या दशकाच्या मध्यास संशोधक शेपर्ड केलम यांनी पहिलीच्या वर्गांत केलेला प्रयोग या विद्याशाखेचे मर्म उत्तम उलगडतो. त्यात वापरलेल्या, कॅन्ससमध्ये 1969 साली मांडल्या गेलेल्या ‘गुड बिहेविअर गेम’मध्ये वर्गाचे गट पाडले जातात, कोणी दंगा केला की शिक्षिका त्या गटाच्या नावापुढे फळ्यावर खूण करतात आणि खुणा मर्यादेत राहिलेले सर्व गट जिंकतात, म्हणजे एकाच वेळी सगळेही जिंकू शकतात. औषध नाही, उपदेश नाही (व्यसनाचा तर उल्लेखही नाही!), तरीही हीच मुले एकोणीस ते एकवीस वर्षांची झाल्यावर, विशेषतः लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये, अमली पदार्थांच्या व्यसनाचे प्रमाण कमी आढळले.

उपचाराच्या बाजूने गोव्याचे उदाहरण तितकेच बोलके आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर झालेल्या चाचणीत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीने तीन महिन्यांत 36 टक्के पुरुष घातक मद्यपानातून बाहेर आले. नेहमीच्या सेवेत हे प्रमाण 26 टक्के होते.